फाइव्ह नाइन

आमच्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, एक रिपीटर आहे. शेजाऱ्यांना तो इन्व्हर्टर वाटतो आणि ती समजूत मी कधी दूर केलेली नाही. इन्व्हर्टरला कोणी हरकत घेत नाही. रिपीटर म्हटलं की प्रश्न येतात, प्रश्नांमागून किरणं येतात आणि किरणांमागून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची डोकेदुखी येते. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र मी सगळं लेखी दिलेलं आहे, परवान्याच्या झेरॉक्ससकट. त्यांनी ते वाचलेलं नाही, पण फाइल केलंय.

रिपीटरचं काम सोपं आहे. आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या हातातले सेट लहान असतात, त्यांचा आवाज चार इमारतींपलीकडे जात नाही. रिपीटर उंचावर बसून तो आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी जास्त ताकदीने पुन्हा हवेत सोडतो. नेरुळचा माणूस खारघरच्या माणसाशी बोलतो तो असा. "मोबाईल असताना हे कशाला?" हा प्रश्न माझा नवरा अकरा वर्षं विचारतो आहे. मोबाईल बंद पडले तर उपयोगी पडेल, असं उत्तर मी देते. मोबाईल बंद पडत नाहीत आणि आम्ही रोज सकाळी सात वाजता बोलतो.

मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होते, त्यातली वीस एक्स्चेंजमध्ये, सोल्डरिंग गन हातात धरून. नव्याने येणाऱ्यांना मी शिकवायचे. माझं एक वाक्य खात्यात बदनाम होतं: लोडवर मोजा. म्हणजे यंत्र निवांत बसलेलं असताना व्होल्टेज मोजून समाधान मानू नका. ते काम करत असताना मोजा, तेव्हा खरं कळतं. माणसांच्या बाबतीतही हे लागू पडतं असं मी वर जोडायचे आणि मुलं वहीत लिहून घ्यायची. निवृत्त झाल्यावर रिपीटरची देखभाल आपोआप माझ्याकडे आली. बाकीच्यांना बोलायला आवडतं, मला उघडायला.

सकाळी सातच्या त्या हजेरीला आम्ही नेट म्हणतो. वाशीचे एक निवृत्त बँक मॅनेजर ती चालवतात. ते एकेकाला पुकारतात, तो हजर म्हणतो, चार शब्द बोलतो आणि रिपोर्ट देतो. रिपोर्ट म्हणजे दोन आकडे. पहिला पाचपैकी, आवाज किती स्पष्ट आला. दुसरा नऊपैकी, किती जोराने आला. फाइव्ह नाइन म्हणजे यापेक्षा चांगलं काही असूच शकत नाही. आमच्यात सगळे सगळ्यांना फाइव्ह नाइन देतात. समोरच्याचा आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा आला तरी फाइव्ह नाइन. एकदा मॅनेजरसाहेबांनी एकाला म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे: "तुम्ही फाइव्ह नाइन येताय, फक्त काय बोललात ते परत सांगा." कोणाला यात काही विनोदी वाटलं नाही. लग्नात जेवण कसं झालं याला जे उत्तर असतं, तेच हे.

एकच माणूस असा होता की जो खरा आकडा सांगायचा.

हे काका सारसोळ्याचे, मूळ गावातले, कोळी. वय शहात्तर. तळोज्याच्या एका कारखान्यात त्यांनी इलेक्ट्रिशियन म्हणून उभी हयात काढली, तिथेच कोणाच्या तरी नादाने रेडिओची परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. बायकोही गेली. आता मुलगा, सून आणि चार मजली घर आहे. वरच्या तीन मजल्यांवर भाडेकरू आहेत आणि पहिल्यावर, खिडकीशी, काका आहेत. हातात जुना सेट. घराच्या आणि आमच्या गच्चीच्या मधोमध एक उंच टॉवर उभा राहिल्यामुळे त्यांच्याकडे आमचा सिग्नल जेमतेम पोचतो. बाकीच्यांच्या गच्च्यांवर मोठे अँटेना आहेत, त्यांना रिपीटर अर्ध्या ताकदीवर चालला काय न् पूर्ण चालला काय, ऐकायला सारखाच. हे वाक्य मी आता किती शहाणपणाने लिहिते आहे. तेव्हा ते मला सुचलं नव्हतं.

काका बोलायला लागले की बोलायचे. आधी भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता. आमच्यापैकी कोणाकडेही होडी नाही. मग वारा कुठून आहे, मग खाडीच्या वासावरून आज काय मिळालं असेल. मला ते "बाय" म्हणायचे. बाकीच्यांची मी ताई. "बाय, आज उधान हाय, पानी बांधाला लागंल." मला सारसोळ्याच्या बांधाशी काही घेणंदेणं नव्हतं, तरी सकाळचा चहा त्या आवाजाबरोबर व्हायचा. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

दिवाळीच्या सुमारास रिपीटर मध्येच पडायला लागला.

बंद पडून पुन्हा सुरू झाला की तो आधी मोर्समध्ये पिपाणी वाजवून स्वतःची ओळख सांगतो. काका बोलत असायचे, वारा नैर्ऋत्येकडून वगैरे, आणि एकदम शांतता, मग पिपाणी. मी ताबडतोब ओळखलं की याची वीज तुटते आहे. लोकांना वाटलं की काका तीन मिनिटांच्या वर गेले. रिपीटरमध्ये तसं घड्याळ आहे, सलग तीन मिनिटं कोणी बोललं की तो तोंड बंद करतो. प्रत्यक्षात तो पन्नासेक सेकंदांतच पडत होता. पण कोणी घड्याळ लावून पाहिलं नव्हतं, आणि काकांची पन्नास सेकंदं बहुतेकांना तीन मिनिटांसारखीच वाटायची.

मी कामाला लागले. चार्जर बदलला. बॅटरीचं व्होल्टेज मोजलं, साडेतेराच्या वर, उत्तम. रिपीटरच्या तोंडाशी मोजलं, तेही उत्तम. अँटेनाच्या केबलचा वरचा जोड उघडला, कारण तो खारघरच्या प्राध्यापकांनी लावला होता आणि त्यांच्या हाताबद्दल माझं मत फारसं बरं नाही. जोड नवा केला. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून खोलीतलं सॉकेट बदलून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी केबलवर साबुदाण्याच्या पापड्यांचं प्लास्टिक टाकतात, त्यांनाही समज दिली. दर वेळी खाली येऊन नेटवर विचारायचे, आता कसा आहे? कोणीतरी बटण दाबून "टेस्ट, टेस्ट, वन टू थ्री" म्हणायचा. चार सेकंद. मग सगळे: फाइव्ह नाइन, ताई, एकदम फाइव्ह नाइन.

आणि काका म्हणायचे, "नाय बाय. सुरवातीला बरा हाय. तुमी कोन अर्धा मिन्ट बोललात का मागं वारा सुटतो, श्श्श करून. मी बोलताना तर पडतोच. पडायच्या आदी दमतो तो. फाइव्ह फोर लिव."

फाइव्ह फोर. माझ्या रिपीटरला. दीड महिना गच्चीवर चढउतार केल्यावर. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शिवाय तो पडायचा फक्त त्यांच्याच बोलण्यात. बाकी कोणाच्या बोलण्यात एकदाही नाही. मी एक शास्त्रीय कारण तयार केलं. त्यांचा सेट जुना, त्याचा सिग्नल वाकडा होत असेल, त्याने रिपीटरचं डोकं फिरत असेल. असलं काही होत नाही. एखाद्या शिकाऊ मुलाने मला हे सांगितलं असतं तर मी त्याला कँटीनमध्ये पाठवलं असतं.

त्या सकाळी तो पुन्हा पडला, पिपाणी वाजली, आणि मी बटण दाबून सगळ्यांसमोर बोलले. "काका, रिपीटरमध्ये काही दोष नाही. सगळे फाइव्ह नाइन देताहेत, तुम्ही एकटेच वेगळं सांगता. तुमचा सेट तपासून घ्या. आणि तुमच्या लांबलचक बोलण्याने रिपीटर पडतो, तेव्हा यापुढे हजेरी लावा आणि थांबा."

हवेत शांतता असली की ती सगळ्यांना सारखीच ऐकू येते. मग काका म्हणाले, "बरं मॅडम."

त्या दिवसापासून ते फक्त स्वतःचा सांकेतिक क्रमांक आणि "हाजर" एवढंच म्हणू लागले. रिपीटर पडायचा थांबला. मी नोंदवही ठेवते, त्यात तीन आठवडे लागोपाठ "दोष नाही" असं लिहिलं. प्रयोग यशस्वी झाला होता. चौथ्या आठवड्यात काकांचं "हाजर"ही बंद झालं. मॅनेजरसाहेब रोज त्यांचा क्रमांक पुकारायचे, पाच सेकंद थांबायचे आणि पुढे जायचे. मला त्या पाच सेकंदांत उगीच चहा ढवळायची सवय लागली. साखर मी घेत नाही.

"तुझे ते भरतीवाले आजारी आहेत का?" नवऱ्याने विचारलं. तो नेट ऐकत नाही असं सांगतो.

"असतील," मी म्हटलं.

फेब्रुवारीत एके दिवशी खारघरचे प्राध्यापक त्यांच्या गाडीतल्या माइकवर बसले. हे आमच्यात होतं. माइक सीटवर पडतो, माणूस वर बसतो, बटण दाबलं जातं आणि त्याला पत्ता नसतो. पूर्ण नवी मुंबईने प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी यांचा संवाद ऐकला. विषय असा होता की प्राध्यापकांनी मेथी आणली होती आणि मेथी सांगितलेली नव्हती. पत्नी म्हणाल्या, "तुम्ही कधी एक वाक्य पूर्ण ऐक—" आणि रिपीटर पडला. शांतता. पिपाणी.

मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिटही झालं नव्हतं. काकांचा सेट नव्हता, काकांचा आवाज नव्हता, भरती नव्हती. कोणीही पन्नास सेकंद सलग बोललं की तो पडत होता. काकांशिवाय आमच्यात पन्नास सेकंद बोलण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं, एवढाच काय तो फरक. पोळी करपली. मी लोडवर मोजलंच नव्हतं. रिपीटर निवांत बसलेला असताना मी मीटर लावत होते आणि बॅटरी मला साडेतेरा दाखवत होती, जसे लोक फाइव्ह नाइन देतात तसे.

आता खरी मोजणी करायची तर मी गच्चीवर मीटर धरून बसायचं आणि खाली कोणीतरी सलग बोलत राहायचं. मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी बटण दाबलं, स्वतःचा क्रमांक सांगितला, हवामान छान आहे म्हणाले आणि विचारलं, "ताई, अजून काय बोलू?" अकरा सेकंद. प्राध्यापकांना विचारलं तर ते त्या दिवसापासून माइकला हात लावत नव्हते.

एक उपाय होता. माझ्याच दुसऱ्या सेटच्या बटणाला रबरबँड लावायचा आणि तो तसाच चालू ठेवायचा. न बोलता हवा अडवणं नियमात बसत नाही, पण दोन मिनिटांसाठी कोणी फाशी दिलं नसतं. खरं सांगायचं तर मला सारसोळ्याला जायचं होतं, आणि जायला तोंड नव्हतं, म्हणून तांत्रिक कारण हवं होतं.

रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. काकांच्या सुनेने दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "अच्छा, तुमी त्या," एवढंच म्हणाली. काका खिडकीशीच होते. सेट खिडकीच्या कट्ट्यावर, त्याला लोकरीने विणलेली टोपी.

"या मॅडम," ते म्हणाले. मी अजून तोंडही उघडलेलं नव्हतं. चपला काढण्याच्या आवाजावरून त्यांनी काय ओळखलं देव जाणे.

सून चहा टाकायला आत गेली, मी पाणी हवं या निमित्ताने तिच्यामागे गेले. "बरे आहेत ना?" मी विचारलं.

"तबेत बरी हाय," ती म्हणाली. "सकाली सातला तोंड धुवून, शर्ट घालून बसतात. रेडिओ लावतात. त्यांचा नंबर पुकारला कनी, 'हाजर' बोलतात. पन बटन दाबत नाय. मी बोलले, बाबा, बटन दाबा, तवा जाईल ना तिकडं. तर बोलतात, असू दे."

मला लाज वाटली. लाज हा शब्द आपण पुष्कळ वापरतो, पण ती नेमकी कुठे वाटते हे मला त्या दिवशी कळलं, कानांत. पाणी प्यायले आणि बाहेर आले.

"काका, एक मदत हवी आहे," मी म्हटलं. "उद्या सकाळी दहा वाजता तुम्ही बोलायचं. सलग. मी वर मीटर लावून बसते."

"काय बोलू?"

"काहीही. लांबलचक."

त्यांनी सेटची टोपी काढली, पुन्हा घातली. "मी बोललो तर पडंल ना तुमचा."

"पडायलाच हवा आहे," मी म्हटलं.

माफी मागायची राहिली. चहा प्यायले आणि आले.

दुसऱ्या दिवशी दहाला मी लिफ्टच्या खोलीत पाटावर बसले. मीटरची दोन टोकं दोन हातांत, सेट मांडीवर. काकांनी स्वतःचा क्रमांक सांगितला आणि म्हणाले, "काय बोलायचा ते ठरवून आलोय. माज्या दारापासून जेट्टीपरेंत जातो. पह्यला होतं तसं. आता घरं झाली, पन मी पह्यलाच रस्ता चालतो." आणि ते निघाले. दारातून पायरी उतरले. डाव्या हाताला चुलत्याचं घर, अंगणात जाळं वाळत टाकलेलं, त्याला चुकवून. पुढे विहीर. विहिरीवर कोणाकोणाच्या हंड्यांचा आवाज कसा वेगळा यायचा. बोलणं चालू होताच व्होल्टेज तेरावरून बारावर आलं होतं. विहिरीशी ते अकरावर आलं. विहीर ओलांडून भेंडीच्या झाडाखाली गेले आणि रिपीटर पडला. पिपाणी.

बटण दाबलेलं असताना स्वतःच्या सेटवर काही ऐकू येत नाही, त्यामुळे आपलं बोलणं कुठे तुटलं हे त्यांना नेमकं कळायचा मार्ग नव्हता. त्यांनी थोडा वेळ थांबून पुन्हा दारापासून सुरुवात केली.

बॅटरीवर मात्र सगळा वेळ तेरा होते. म्हणजे बॅटरी आणि रिपीटर यांच्या मधल्या हातभर वायरमध्ये कुठेतरी दोन व्होल्ट गायब होत होते. काका दुसऱ्यांदा जाळं चुकवत असताना मी मीटरची टोकं वायरवर एकेक जागा पुढे सरकवत नेली. फ्यूजवर काही नाही. स्विचवर काही नाही. विहीर आली. बॅटरीच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, वायरला एक जोड होता, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. तिथे दोन व्होल्ट. बोट लावलं तर चटका बसला. काका भेंडीखाली पोचले, मिठागराच्या बांधावर चढले आणि रिपीटर पडला.

तो जोड मी कधी तपासला नव्हता, कारण तो कोणी केलाय हे मला पक्कं माहीत होतं. टेपला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. प्रत्येक जोडाला चिठ्ठी बांधायची माझी खात्यातली सवय आहे. निळ्या शाईत, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: तात्पुरते. उद्या सोल्डर करणे.

गणपतीच्या दिवसांत नवी बॅटरी बसवली होती. तिची टोकं उलट्या बाजूला होती, वायर वीतभर कमी पडली. खोलीतल्या सॉकेटवर गणपतीच्या रोषणाईची वायर लावलेली असल्याने सोल्डरिंग गन लावता आली नाही. मी तांबं पिळलं, टेप मारली, चिठ्ठी बांधली, आणि आरतीला खाली गेले. खाडीच्या खाऱ्या हवेने आत तांबं हिरवं केलं होतं. निवांत असताना ते जेमतेम टेकायचं, काम आलं की तापायचं आणि सोडून द्यायचं. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मी प्राध्यापकांचा जोड तोडला, वहिनींच्या पापड्या हलवल्या आणि एका आंधळ्या माणसाला सगळ्यांदेखत गप्प केलं.

वायर तासली, गन तापवली, जोड नीट सोल्डर केला. काकांना सांगितलं, आता परत या.

ते तिसऱ्यांदा दारातून निघाले. पायरी, जाळं, विहीर. मीटरवर साडेबारा. भेंडी. साडेबारा. बांध. बांधावरून दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, उन्हात डोळ्यांना लागायचे, असं ते म्हणाले. साडेबारा. मी मीटर बघायचं सोडून दिलं होतं. पुढे चिखल, पुढे दगड, दगडांना कालवं, अनवाणी पायाला कापतात म्हणून आई कडेने न्यायची. मग जेट्टी. "आता पानी लागला पायाला," ते म्हणाले. "गार हाय." आणि बटण सोडलं.

मी डोळे पुसले. लिफ्टच्या खोलीत ग्रीसचा वास असतो, त्याने काही डोळ्यांत पाणी येत नाही. मग बटण दाबून विचारलं, "काका, रिपोर्ट द्या. कसा आला?"

"फाइव्ह नाइन, मॅडम," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नेटवर मी सगळं सांगितलं. दोष माझ्या जोडात होता, काकांच्या बोलण्यात नव्हता, त्यांच्या सेटमध्ये नव्हता, ते पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होते. मॅनेजरसाहेब म्हणाले, "हरकत नाही ताई, होतं असं. फाइव्ह नाइन." प्राध्यापक म्हणाले, फाइव्ह नाइन. काकांचा क्रमांक पुकारला. त्यांनी बटण दाबलं. "हाजर. फाइव्ह नाइन, मॅडम." आणि थांबले. वाऱ्याचा पत्ता नाही, भरतीचा नाही.

असे चार दिवस गेले. रिपीटर दुरुस्त होता. पाचव्या दिवशी मी पावणेसातलाच सारसोळ्याला जाऊन पोचले आणि त्यांच्या खिडकीशी, त्यांच्या शेजारी, स्टुलावर बसले. सात वाजले. मॅनेजरसाहेब बोलायला लागले. त्यांच्या आवाजाच्या मागे, अगदी बारीक, पण सतत, श्श्श होतं.

"काका, हा वारा आहे," मी म्हटलं.

"हाय."

"पहिल्या दिवसापासून?"

"पह्यल्यापेक्षा लय कमी हाय. पन हाय."

"मग फाइव्ह नाइन का देता?"

त्यांनी तोंड खिडकीकडेच ठेवलं. "सगले तेच देतात," ते म्हणाले. "मी वेगला दिला तवा तुमाला राग आला. मना वाटलं, आपल्यालाच रीत ठाऊक नसंल. तेच बोलायचा असतं ना?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. वीस वर्षं मी लोकांना शिकवलं, पण इतकं पक्कं कोणी शिकलं नव्हतं.

"काका, चूक माझी होती," मी म्हटलं. "जोडाची वेगळी आणि ही वेगळी. मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले ते वाईट बोलले. मला माफ करा. आणि मला खोटा आकडा नको आहे. इतके सगळे खोटे देणारे आहेत माझ्याकडे."

सेटवर मॅनेजरसाहेबांनी त्यांचा क्रमांक पुकारला. काकांनी सेट उचलला, बटण दाबलं, "हाजर, फाइव्ह नाइन," म्हणाले आणि सेट खाली ठेवला. सुनेने चहा आणला. मी तो प्यायले आणि पायी घरी आले. नवऱ्याने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पोह्यांची बशी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी चहा ढवळत होते. काकांचा क्रमांक आला. बटण दाबल्याचा खट्ट आवाज आला.

"हाजर," काका म्हणाले. "फाइव्ह सिक्स, बाय. मागं वारा हाय. अँटेनाच्या वरच्या जोडात पानी शिरला असंल, उघडून बग. भरती दहा वाजून वीस मिन्टानी हाय. आज पानी बांधाच्या खाली राहील." आणि पुढे ते बोलतच राहिले. मी नोंदवहीत ५-६ लिहिलं.

अँटेनाचा वरचा जोड दिवाळीनंतर मीच केलेला आहे. चहा संपवून मी गच्चीची किल्ली शोधायला लागले.